पहिला प्लॉट घेण्याआधी

दरवर्षी ३१ जुलैला आम्ही लळिंगला जातो. १९३७ साली याच तारखेला बाबासाहेब कोर्टाच्या कामानिमित्त धुळ्यात आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले होते, म्हणून खानदेशातील आपली माणसे त्या दिवशी तेथे जमतात. मागच्या खेपेला पावसाची भुरभुर चालू होती. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक तरुण जोडपे आमची वाट पाहत उभे होते. आम्ही सरकारी कागदांत वावरणारे कारकून, हे त्याला कुणीतरी सांगितलेले. जयभीम झाल्याबरोबर तो म्हणाला, "जिभाऊ, माले पलाट लेवाना शे. रविवारी पन्नास हजार इसार देवाना शे."

पोरगा जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कामाला. बायको घरी शिवणकाम करते. सात वर्षांत भिशी धरून दोघांनी एक लाख ८० हजार रुपये साठवले. प्लॉट जळगावच्या बाहेर, एक गुंठा, किंमत साडेचार लाख. निम्मे आता, निम्मे हप्त्याने. राहायला नव्हे, गुंतवणूक म्हणून. पाच वर्षांत दुप्पट होतील, असे दलालाने सांगितले होते. मोबाईलमध्ये रंगीत नकाशा होता. त्यात बगीचा होता, तीस फुटी रस्ता होता आणि कोपऱ्यात निळ्या रंगात लिहिले होते, 'नियोजित बुद्धविहार'.

आम्ही तीनच गोष्टी विचारल्या. गट नंबर कोणता? बिनशेतीचा आदेश पाहिला का? ले-आउट मंजूर कुणी केला? तो बायकोकडे पाहू लागला. मग म्हणाला, "समदं क्लिअर शे, आसं त्या सांगतस."

हे वाक्य आमच्या ओळखीचे आहे, कारण २००९ साली आम्हीही ते ऐकले होते आणि मान डोलावली होती.

आमची आई नगरपालिकेत सफाई कामगार होती. निवृत्तीचे पैसे मिळाले तेव्हा तिने त्यातले ६५ हजार आमच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, भाड्याच्या घरात जन्म गेला, तुम्ही तरी जागा घ्या. आम्ही बी.कॉम. झालेले, नोकरीला लागून पाचसहा वर्षे झालेली, सभासंमेलनांत भाषणे करणारे. जागा दाखवणारा माणूस समाजातलाच, रविवारी विहारात शेजारी बसणारा. त्याच्याकडे कागद मागणे आम्हाला अवघड वाटले, खरे तर लाज वाटली. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून त्याने साठेखत दिले, वर ताबा पावती दिली. आईने कागद हातात धरून विचारले, "तुनं नाव कागदवर शे ना रे भाऊ?" नाव होते. पण सातबाऱ्यावर नव्हते, आणि कधी येणारही नव्हते, हे आम्हाला तीन वर्षांनी कळले. त्या एकाच तुकड्याचे कागद आणखी चौघांकडे निघाले. पोलीस ठाण्यात सांगितले, ही दिवाणी बाब आहे. वकिलाने फी सांगितली, ती ऐकून आम्ही घरी आलो. आई २०१६ साली गेली. प्लॉटवर कधी बांधणार, असे ती अधूनमधून विचारी. आम्ही पुढच्या वर्षी म्हणत असू. तिला आम्ही शेवटपर्यंत खरे सांगितले नाही. हे लिहायला आम्हाला इतकी वर्षे लागली.

त्यामुळे 'जमिनीत पैसे कसे गुंतवावेत' असे कुणी विचारले की आम्ही आधी विचारतो, जमिनीच्या कागदात किती दिवस घालवलेत? व्यापाऱ्याचा मुलगा दुकानात बसून शिकतो. शेतकऱ्याचा मुलगा बांधावर वाढतो, त्याला गट, हिस्सा, फेरफार हे शब्द भाकरीबरोबर मिळतात. आपल्या घरात जमीनच नव्हती, म्हणून हे शब्दही नव्हते. पहिला अनुभव पैसे घालून घ्यायचा की पैसे न घालता, एवढेच ठरवायचे असते. आम्ही तो ६५ हजाराला घेतला.

पैसे न घालता अनुभव कुठे मिळतो? पहिल्यांदा स्वतःच्या घरात. गावाकडच्या घराचा कागद कुणी पाहिला आहे? बहुतेकांकडे ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती असते, तीही आजोबांच्या नावाची. ती कर भरल्याची पावती आहे, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होत आहेत. आपल्या गावात मोजणी झाली का, झाली असल्यास आपल्या घरावर कुणाचे नाव लागले, नकाशात पडवी आणि अंगण आले की शेजाऱ्याकडे गेले, हे पाहायला एक दिवसाची रजा पुरते. वारस नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे अर्ज द्यावा, मृत्यूचा दाखला जोडावा, आणि बहिणींची नावे गाळू नयेत. हे एक काम तडीस नेले की माणसाला अर्ज, पोच, नोटीस, हरकत आणि नोंद या पाच पायऱ्या कळतात. प्लॉटच्या धंद्यातही त्याच पायऱ्या असतात.

दुसरी शाळा म्हणजे दुय्यम निबंधकाचे कार्यालय, ज्याला आपण रजिस्टर ऑफिस म्हणतो. नात्यातले कुणी घर घेत असेल तर त्याच्याबरोबर जाऊन बसावे. खरेदीखत वाचून पाहावे. चतुःसीमा म्हणजे काय, इंडेक्स टू कसा दिसतो, अंगठा आणि फोटो कसा घेतात, सगळे समजते. मात्र चहापाण्यासाठी अनोळखी माणसाच्या दस्तावर साक्षीदार म्हणून सही करू नये. आमच्या ओळखीचे दोघे अशा सहीमुळे कोर्टाच्या पायऱ्या चढत आहेत. आणखी एक गोष्ट तेथे लक्षात येते. दस्त नोंदवला गेला म्हणजे विकणारा मालक होताच, असे नाही. मालकी खरी की खोटी, याची हमी ते कार्यालय देत नाही. ती तपासणी आपली. त्यासाठी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यायचा असतो, आणि तो वकील विकणाऱ्याचा नसावा.

आता सातबारा. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. गट नंबर नसेल तर तो मिळत नाही, म्हणून दलाल गट नंबर सांगायला टाळतात. उताऱ्यात आपली माणसे फक्त मालकाचे नाव पाहतात. आम्ही आधी दोन जागा पाहतो. एक, 'भोगवटादार वर्ग' आणि दुसरी, 'इतर हक्क'. वर्ग १ असेल तर जमीन साधारणपणे मालकाला विकता येते. वर्ग २ असेल तर शासनाची अट आहे, सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. इतर हक्कात बँकेचा बोजा, कुळाचे नाव, कोर्टाचा मनाई हुकूम, बहिणीचा हक्क, सगळे तेथेच लिहिलेले असते. खाली फेरफारांचे क्रमांक असतात. त्यातले शेवटचे तीनचार फेरफार काढून वाचले की त्या जमिनीची गोष्ट कळते. गोष्ट वाचता आली पाहिजे, मालकाचे नाव वाचणे सोपे आहे.

वर्ग २ ची गोष्ट तर आपलीच आहे. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. त्या कायद्याने वतनाच्या जमिनी मूळ वतनदारांना परत दिल्या, पण नवीन व अविभाज्य शर्तीवर. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही आणि बिनपरवानगी केलेली विक्री कायद्याला मान्य नाही. अट आपल्या संरक्षणासाठी होती. झाले असे की, शहरे वाढली, वतनाच्या जमिनी गावाच्या कडेला असल्याने नेमक्या त्याच मोक्याच्या ठरल्या, आणि अट ठाऊक असलेल्या लोकांनी ती न ठाऊक असलेल्यांकडून कवडीमोलाने अंगठे घेतले. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातील महार वतनाच्या सुमारे ४० एकर जमिनीच्या ३०० कोटींच्या खरेदीखतावरून महाराष्ट्रभर गदारोळ झाला, तो वाचकांना आठवत असेल. मोठ्या शहराची बातमी होते. आपल्या तालुक्यातील दोन एकरांची होत नाही.

येथेच आदिवासी जमिनीचेही सांगून ठेवतो. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात भिल्ल, पावरा बांधवांच्या जमिनी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. स्वस्त मिळते म्हणून नोटरीवर ती घेणारे आपल्यातही निघतात, हे आम्ही पाहिले आहे. पैसा बुडेल हे तर आहेच. पण आपल्या आजोबांच्या अंगठ्याचे जे झाले तेच आपण दुसऱ्याच्या आजोबांचे करायचे, आणि वर १४ एप्रिलला मिरवणुकीत पुढे चालायचे, हे आम्हाला पटत नाही. कुणाला राग आला तर येऊ द्या.

आपला माणूस नोटरीच्या कागदाकडे का ओढला जातो, याचे कारण केवळ अज्ञान नाही. १९४८ च्या कूळ कायद्याप्रमाणे जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. कायदा सावकारांच्या हातून शेती वाचवण्यासाठी झाला, पण ज्याच्या बापजाद्यांकडे सातबाराच नव्हता, तोही त्यात बाहेर राहिला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला तेव्हा खानदेशातून हजारो माणसे तुरुंगात गेली होती. त्यांची नातवंडे आज शहरात नोकरी करतात, हातात थोडा पैसा आहे, आणि एक गुंठा तरी आपल्या नावावर असावा ही भूक पोटात आहे. दलालाला ही भूक आपल्यापेक्षा जास्त समजते. (ज्यांना खरोखर शेती करायची आहे अशा दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबांसाठी दादासाहेबांच्याच नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. तीत चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन मिळू शकते. समाजकल्याण कार्यालयात विचारावे. विकायला घेऊ नये, ती विकता येत नाही.)

एका गुंठ्याचा घोटाळाही येथेच आहे. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे असे लहान तुकडे पाडून विकायला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने बंदी आहे. २०२३ साली शासनाने प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे ठरवले. २०२५ मध्ये नागरी भागातील जुन्या तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याची पावले शासनाने उचलली, तेव्हापासून दलालांच्या तोंडी 'आता सगळे कायदेशीर झाले' हे नवे वाक्य आले आहे. तसे नाही. सूट कोणत्या भागाला, कोणत्या तारखेपर्यंतच्या व्यवहारांना, हे ठरलेले असते. गुंठेवारीचेही तसेच. कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीने मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. त्यानंतर पाडलेल्या प्लॉटला 'गुंठेवारीत बसवून देतो' असे कुणी म्हणत असेल तर त्याला ते लेखी द्यायला सांगा. देणार नाही.

सरळ मार्ग आहे. मंजूर ले-आउटमधला बिनशेती प्लॉट कुणालाही घेता येतो, त्याला शेतकरी असावे लागत नाही. बिनशेती आदेशाची प्रत, नगररचना विभागाने मंजूर केलेला नकाशा, झोन दाखला, आणि ले-आउट मोठा असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात रेरा कायदा पूर्णपणे लागू आहे, आणि पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठांहून अधिक प्लॉटच्या ले-आउटला नोंदणी सक्तीची आहे. रंगीत नकाशावर रेराचा क्रमांक नसेल तर तो नकाशा लहान मुलांना खेळायला द्यावा.

आणि मोठे नाव पाहून भुलू नये. जळगाव नगरपालिकेनेच नव्वदच्या दशकात हुडकोचे कर्ज काढून नऊ ठिकाणी अकरा हजारांवर घरकुले बांधायला घेतली होती. गरिबांना घर मिळणार म्हणून आपल्या वस्त्यांतही आनंद झाला होता. पुढे उघड झाले की ज्या जागांवर बांधकाम काढले त्या पालिकेच्या मालकीच्या नव्हत्या, बिनशेतीची परवानगीही नव्हती. थोडीच घरे पूर्ण झाली. २००६ साली गुन्हा दाखल झाला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावल्या. प्रकरण नंतर वरच्या कोर्टात गेले. नगरपालिकेच्या कारभाऱ्यांना जमिनीच्या मालकीचा आणि बिनशेतीचा कागद नसल्याने न्यायालयात उभे राहावे लागते, तर चटईच्या कारखान्यातल्या कामगाराने 'समदं क्लिअर शे' यावर किती विसंबावे?

जळगावच्या लोकांना बँकेवर, पतसंस्थेवर विश्वास का उरला नाही, हेही आम्हाला समजते. पतसंस्थांत ठेवी अडकलेली म्हातारी माणसे आम्ही गल्लोगल्ली पाहिली. जळगावात मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी संस्थेवर २०१५ साली अवसायक नेमला गेला. तेव्हापासून 'कागदी पावतीपेक्षा माती बरी' ही बोली रूढ झाली. पण नोटरीचा प्लॉट हीसुद्धा कागदी पावतीच आहे. पोस्ट आणि राष्ट्रीयीकृत बँक अजून जागेवर आहेत.

आता थोडा हिशेब, कारण बी.कॉम. कुठेतरी उपयोगी पडावे. समजा, चांगला कायदेशीर प्लॉट पाच लाखांना घेतला. शहरात मुद्रांक शुल्क सहा टक्क्यांप्रमाणे ३० हजार, नोंदणी फी एक टक्का म्हणजे पाच हजार, वकील, मोजणी, तारेचे कुंपण धरून २५ हजार. झाले पाच लाख ६० हजार. सात वर्षांनी तो आठ लाखांना गेला. घरात पेढे वाटले जातात, तीन लाख सुटले म्हणून. सुटले दोन लाख ४० हजार. आणि तेच पाच लाख ६० हजार ७ टक्के चक्रवाढीने ठेवले असते तर सात वर्षांत जवळपास नऊ लाख झाले असते. म्हणजे पेढे वाटून लाखभर गमावले. पाच वर्षांत दुप्पट व्हायला दरवर्षी सुमारे १५ टक्के वाढ लागते. काही जागांना तशी वाढ मिळते, नाही असे नाही. पण कोणत्या जागेला मिळेल हे ज्याला नक्की ठाऊक आहे तो माणूस ती जागा आपल्याला का विकतो, हा प्रश्न आम्हाला पडतो. शिवाय घरात दवाखाना निघाला तर प्लॉटचा कोपरा मोडून विकता येत नाही. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आणि मुलांच्या फीचे पैसे बाजूला ठेवल्याशिवाय जागेच्या वाटेला जाऊ नये. हप्त्याने घेणाऱ्याने तर नाहीच नाही.

हिशेब बदलतो तो जागेवर दोन खोल्या बांधल्या की. स्वतःचे भाडे वाचते किंवा दुसऱ्याचे भाडे येते. आमच्या परिचयाच्या एका परिचारिका भगिनीने धुळ्याला देवपुरात असेच केले. आधी राहते घर केले, कर्ज फिटल्यावर वर एक खोली काढली आणि कॉलेजच्या मुलींना भाड्याने दिली. तिचा पहिला व्यवहार तोट्यात गेला, भाडेकरू तीन महिन्यांचे भाडे बुडवून गेल्या. कारण करार तोंडी होता. आता ती अकरा महिन्यांचा करार नोंदवते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो नोंदवणे मालकावर बंधनकारकच आहे. तिने आम्हाला एकदा सांगितले, तरुणपणी आडनाव विचारून तिला चार ठिकाणी खोली नाकारली होती. ती स्वतः कुणाला आडनाव विचारत नाही, कॉलेजचे ओळखपत्र आणि पालकांचा फोन नंबर मागते. तयार घर किंवा फ्लॅट केवळ महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे, ही माहितीही तिच्याकडूनच आम्हाला प्रथम मिळाली. कारकून असून आम्हाला ठाऊक नव्हती.

धुळ्यात सध्या रेल्वेच्या नावाने प्लॉट विकले जातात. मनमाड-इंदूर नव्या मार्गाला केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८ हजार कोटींवर खर्च. मार्ग मालेगाव, धुळे, शिरपूरवरून जाणार. झाले, दर शेताच्या बांधावर स्टेशन उभे राहिले. रेल्वे येईल तेव्हा येईल, बाजारभाव आजच तिच्या पुढे जाऊन बसले आहेत. त्यातही एखादा गट संपादनात जाणार असला तर? अधिसूचनेतील गट क्रमांक पाहिल्याशिवाय या पट्ट्यात हात घालू नये.

आणि जागा पाहायला पावसाळ्यात जावे. खानदेशची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि जुलैत गुडघाभर चिखल धरते, तिच्यावर पाया घालायला जादा पैसा लागतो. दलाल नेहमी जानेवारीत गाडी काढतो. कागदावरच्या तीस फुटी रस्त्यावर खरोखर बैलगाडी तरी जाते का, वरून विजेची मोठी लाईन जाते का, नाला कुठून फिरतो, हे पाहावे. शेजारच्या शेतात काम करणाऱ्या बाईशी बोलावे. तिला जे ठाऊक असते ते कुठल्याच उताऱ्यात नसते.

तर लळिंगचा तो तरुण. आम्ही त्याला तीन रविवार मागितले. इसार थांबव, आणि थांबल्याने प्लॉट गेला तर जाऊ दे, असे म्हणालो. बायकोने त्याच्या आधी मान हलवली. पहिला रविवार त्याच्या एरंडोलकडच्या गावी, घराच्या कागदांत गेला. घर अजून आजोबांच्या नावावर, दोन आत्यांची नोंदच नाही. दलालाने गट नंबर द्यायला पाच दिवस लावले. मग १५ रुपये भरून उतारा काढला. भोगवटादार वर्ग २. इतर हक्कात नवीन व अविभाज्य शर्त. आणि भोगवटादारांच्या रकान्यात सात नावे, सगळी आपल्याच वाड्यातली. जमीन वतनाची होती. ज्या जमिनीवर 'नियोजित बुद्धविहार' रंगवला होता ती आपल्याच माणसांची होती, आणि गिऱ्हाईकही आपलीच शोधली जात होती.

त्याने ते मोठ्याने वाचले. बायकोने विचारले, "या म्हातारीला किती मिळाले असतील?"

तिसऱ्या रविवारी तिघे मिळून त्या गावी गेलो. सात नावांपैकी एक आजी भेटल्या. वीस हजार मिळाले म्हणाल्या, मुलाच्या लग्नाच्या वेळी. कोऱ्या कागदावर अंगठा दिला की लिहिलेल्या, ते त्यांना आठवत नव्हते. धाकट्या दिराने सगळ्यांच्या वतीने मुखत्यारपत्र करून दिले होते, ते त्यांना ठाऊकच नव्हते. जमीन विकली गेली असे त्यांना वाटत होते. उताऱ्यावर त्यांचे नाव अजून आहे, असे पोराने बोट ठेवून दाखवले, तेव्हा त्यांनी तो कागद दोनदा वाचून घेतला.

अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही महिलेला १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे आजींचा अर्ज दिला आहे. पोच आमच्याकडे आहे. पोराचे एक लाख ८० हजार पोस्टात आहेत, आणि आत्यांच्या नावांच्या वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे. दलालाचा फोन अजून येतो, म्हणतो, दर वाढले. आजींना समितीच्या कार्यालयात पुढच्या मंगळवारी बोलावले आहे. पोराने त्या दिवसाची रजा टाकली आहे, बस सकाळी साडेसातची आहे.